अचलपूर : संत्र्यावर चालणारं शहर

मेळघाटच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठी वसलेलं अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली, तेव्हा हीच तिची राजधानी. हौज कटोरा आणि दुल्हा रहमान शाह यांचा दर्गा त्या जुन्या वैभवाची साक्ष देतात.

आज मात्र शहराचं पोट शेतीवर आहे. आजूबाजूच्या गावांत कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्रा. संत्र्याचे बहर दोन : आंबिया हिवाळ्याच्या तोंडावर निघतो, मृग उन्हाळ्याच्या आधी. बाग शेतकऱ्याची असली तरी तोडणीवाले, हमाल, ट्रकवाले, व्यापारी, हिंदू काय नि मुसलमान काय, सगळ्यांची चूल त्याच फळावर पेटते.

बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं आणि भाव पडले. मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वेही बंद आहे. संत्रा विकला नाही की ईदच्या खरेदीला हात आखडतो, पोरांची फी थकते.

म्हणून आम्ही म्हणतो, संत्र्याचा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा नाही. रस काढणारे कारखाने इथेच हवेत. ही मागणी मोहल्ल्यातूनही व्हायला हवी.