ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालात? आधी हे वाचा

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या मंडळींनो, दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी दोन मिनिटं द्या.

एनव्हिडियाचं मल्टी फ्रेम जनरेशन फक्त आरटीएक्स ५० मालिकेवर चालतं. एका खऱ्या फ्रेममागे कार्ड स्वतः अनेक फ्रेम तयार करतं. आकडा फुगतो, पण मुळात ३० फ्रेमच मिळत असतील तर माउस जडच वाटतो. एएमडीनं मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९०७० एक्सटी आणलं, सोबत एफएसआर ४ हे अपस्केलिंग तंत्र; चित्र आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ. ड्रायव्हरवरून एएमडीला नावं ठेवायची आपली जुनी सवय, पण २०२५ च्या सुरुवातीला काळ्या स्क्रीनसाठी एनव्हिडियालाच हॉटफिक्स काढावे लागले.

इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० मला मनापासून आवडतं. मात्र जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडतं. त्याला रिसायझेबल बारही लागतो; तो बायोसमध्ये चालू होतो का, ते घरीच बघा.

हवं ते मॉडेल दुकानात नसेल तर घाईनं दुसरं उचलू नका. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन्हीत येतं. खोक्यावरचा आकडा वाचा, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, मगच पैसे द्या.