श्रीलंकेचे प्राचीन खडक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रीलंकेचा सुमारे नऊ-दशांश भूभाग कँब्रियनपूर्व काळातल्या, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुन्या, रूपांतरित खडकांचा आहे. या खडकांचे हायलँड, वन्नी, विजयन आणि कडुगन्नावा असे चार गट मानले जातात.

गैरसमज: उष्ण कटिबंधातले बेट म्हणजे ज्वालामुखीचे किंवा प्रवाळाचे.
वस्तुस्थिती: मॉरिशस ज्वालामुखीतून घडले, मालदीव प्रवाळांमुळे. श्रीलंका मात्र खंडीय कवचाचा तुकडा आहे. उत्तरेकडच्या जाफना द्वीपकल्पात समुद्रात साचलेला चुनखडक आहे, पण तो मायोसीन काळातला, म्हणजे फार अलीकडचा.

गैरसमज: सिगिरिया हा विझलेल्या ज्वालामुखीचा गाभा आहे.
वस्तुस्थिती: सपाटीवर एकटाच उभा असलेला, जवळजवळ २०० मीटर उंचीचा हा कडा पाहून तसे वाटते खरे. प्रत्यक्षात तो ग्रॅनाइटसदृश पट्टिताश्माचा आहे. भोवतालचा खडक झिजून गेला, हा टिकला.

गैरसमज: खडक जितके जुने तितकेच बेटही जुने.
वस्तुस्थिती: ही वये वेगवेगळी आहेत. मध्यभागातल्या डोंगराळ हायलँड गटाचे मूळ द्रव्य २०० ते ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या कवचातून आले. वन्नी आणि विजयन गटांचे द्रव्य त्याहून तरुण आहे. गोंडवन महाखंड जुळताना, सुमारे ६१ ते ५५ कोटी वर्षांपूर्वी, हे सारे खोलवर दाबले गेले आणि प्रचंड उष्णतेत त्यांचे ग्रॅन्युलाइट, चार्नोकाइट आणि पट्टिताश्म झाले. त्या काळी हा भूभाग भारत, मादागास्कर आणि पूर्व अंटार्क्टिका यांच्यामध्ये होता. अंटार्क्टिकापासून तो क्रिटेशियस काळात दुरावला. भारतापासून त्याला वेगळे करणारी पाल्कची सामुद्रधुनी तर इतकी उथळ आहे की, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्रपातळी १२० मीटरच्या आसपास खाली असताना दोन्ही भूभाग जोडलेले होते.

गैरसमज: रत्नपुराची रत्ने नदीत तयार होतात.
वस्तुस्थिती: नदी ती फक्त गोळा करते. नीलम आणि माणिक ही दोन्ही कुरुविंद या खनिजाची रूपे. ती कवचात खोलवर, रूपांतरणाच्या काळात घडली. वरचा खडक कुजून वाहून गेला, पण कुरुविंद कठीण आणि जड असल्याने दरीतल्या गोट्यांच्या थरात साचला. या थराला तिथे ‘इल्लम’ म्हणतात. खाणकामगार खड्डा खणून इल्लमपर्यंत पोचतात, तो माल वेताच्या टोपलीत घालून पाण्यात गोल गोल घोळवतात. माती आणि हलकी वाळू निघून जाते, जड खडे तळाशी उरतात.

गैरसमज: श्रीलंकेतले ग्रॅफाइट म्हणजे दगडी कोळशाचेच रूप.
वस्तुस्थिती: बोगला आणि कहाटगहा इथल्या खाणींतले ग्रॅफाइट कोळशाच्या थरांतून आलेले नाही. कार्बनयुक्त द्रव खडकांच्या भेगांत शिरले आणि त्यांतून ग्रॅफाइटच्या शिरा बनल्या. म्हणूनच ते फार शुद्ध असते.