पहारेकऱ्यांवरच हल्ला

विद्यार्थ्यांनो, वसईचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. त्याचा दगडी तट भक्कम आहे; पण नुसत्या तटाने किल्ला राखला जात नाही. जागे पहारेकरीही लागतात. प्राण्यांच्या शरीराचेही तसेच आहे. कातडी हा तट, तर रक्तातील पांढऱ्या पेशी हे पहारेकरी. रोगाचे जंतू आत शिरले, की या पेशी त्यांना ओळखून मारतात. या ताकदीला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात.

कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग या पहारेकऱ्यांवरच हल्ला करतो. त्याचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे. आजारी कुत्रा शिंकला किंवा खोकला, की तो दुसऱ्या कुत्र्याच्या नाकात जातो. तेथून तो पांढऱ्या पेशींत शिरतो, त्यांच्यातच वाढतो आणि त्यांना नष्ट करतो.

मग एरवी सहज हटले असते असे साधे जंतूही बळावतात. ताप येतो, नाका-डोळ्यांतून घट्ट पाणी वाहते, जुलाब होतात, फुप्फुसे सुजतात. विषाणू मेंदूपर्यंत गेला, तर झटके येतात. त्याला मारणारे खात्रीचे औषध अजून नाही.

हा रोग कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ साली गुजरातच्या गीर जंगलात काही आठवड्यांत वीसपेक्षा अधिक सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. आपल्या वसईजवळ तुंगारेश्वर अभयारण्य आहे. तेथे बिबटे राहतात आणि बिबटे कुत्र्यांची शिकार करतात. म्हणजे गल्लीतील कुत्र्याचा आजार जंगलातही पोहोचू शकतो.

यावर खरा उपाय म्हणजे लस. लशीत दुबळा केलेला विषाणू असतो. त्यामुळे पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख आधीच होते. पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले, की पहिली लस टोचतात. पुढे ते चार महिन्यांचे होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डिस्टेंपर माणसाला होत नाही; पण झटके आणि लाळ पिसाळलेल्या कुत्र्यातही दिसतात. नुसते पाहून फरक कळत नाही. म्हणून आजारी कुत्र्याला हात लावू नका आणि दगडही मारू नका, मोठ्यांना सांगा. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.