ताळा कोण पाहणार?

‘एका कंपनीकडून मायनिंगची क्षमता घाऊक भावाने घ्यायची आणि ओळखीपाळखीच्या लोकांना ती किरकोळीत विकायची. ही साधी दुकानदारीच झाली. मग यात गैर काय?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या भाच्याला अशी एजन्सी मिळते आहे आणि पहिली गिऱ्हाइकं घरातलीच असणार आहेत. बिटकॉइनचं मायनिंग करणारी यंत्रं कुठेतरी स्वस्त विजेच्या देशात आहेत, असं कंपनी सांगते. गिऱ्हाईक त्यांच्या ताकदीचा एक वाटा वर्ष-दोन वर्षांसाठी भाड्याने घेतं आणि मोबाइलच्या डॅशबोर्डवर रोजची कमाई जमा होताना बघतं. यालाच क्लाउड मायनिंग म्हणतात. प्रश्न नीतीचा आहे, पण त्याचं उत्तर मायनिंगच्या गणितात आहे. आणि ते गणित इतकं देखणं आहे, की आधी त्याच्याविषयीच लिहावंसं वाटतं.

३१ ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक भरली होती. फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक व्याख्यान द्यायला उठले. विषय होता २ च्या ६७व्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी एकवीस अंकी संख्या. सतराव्या शतकात मर्सेनने ती मूळ संख्या असल्याचं म्हटलं होतं. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी ती मूळ नाही हे दाखवून दिलं, पण तिचे अवयव कोणालाच सापडले नव्हते. पुढची हकिगत एरिक टेम्पल बेल यांनी लिहून ठेवली आहे. कोल यांनी अवाक्षर न काढता फळ्याच्या एका बाजूला ती संख्या काढून दाखवली. मग दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या मांडल्या आणि शाळकरी मुलासारखा उभा गुणाकार केला. दोन्ही बाजूंची उत्तरं तंतोतंत जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असं बेल यांनी पुढे विचारलं, तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

शोधायला तीन वर्षांचे रविवार आणि ताळा पाहायला एक फळा. कोल यांच्या शब्दावर त्या सभागृहात कोणालाही विश्वास ठेवावा लागला नाही.

या तफावतीतून एक हत्यार घडवता येईल हे ज्यांना सुचलं, त्यांचं नाव बिटकॉइनच्या चर्चेत क्वचितच निघतं, आणि ते मला फार खटकतं. १९९२ साली आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रातल्या सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी नको असलेल्या ईमेलवर एक उपाय सुचवला. पत्र पाठवणाऱ्याच्या संगणकाने आधी एक मध्यम अवघड गणित सोडवावं आणि उत्तर पत्रासोबत जोडावं. ताळा पाहणं इतकं सोपं हवं, की घेणाऱ्याचा वेळ जाऊ नये. एखाददुसरं पत्र लिहिणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. हजारोंनी पत्रं पाठवणाऱ्याला मात्र तो खर्च परवडत नाही. काम झाल्याचा पुरावा कामातूनच मिळावा, ही कल्पना इथे पहिल्यांदा नीट मांडली गेली. १९९७ मध्ये अ‍ॅडम बॅक यांनी ‘हॅशकॅश’ ही तशाच धर्तीची योजना आणली आणि २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा नऊ पानी आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातल्या आठ संदर्भांत बॅक आहेत, ड्वर्क आणि नाओर नाहीत. ड्वर्क यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत व्यक्तींचा खासगीपणा राखून आकडेवारी कशी प्रसिद्ध करावी याचं शास्त्र उभं केलं, आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ते वापरलं.

बिटकॉइनचं मायनिंग हे याच कल्पनेचं अवाढव्य रूप. व्यवहारांच्या गठ्ठ्याला एक आकडा जोडून एसएचए-२५६ या सूत्रातून काढायचं आणि येणारं उत्तर ठरलेल्या मर्यादेहून लहान आहे का ते बघायचं. नसेल तर आकडा बदलून पुन्हा. यात बुद्धी चालवायला वाव नाही आणि आधीच्या प्रयत्नांची पुण्याईही गाठीला राहत नाही. कोट्यवधी वेळा अपयश आलं तरी पुढच्या प्रयत्नाला यशाची शक्यता तेवढीच असते. २०२५ मध्ये एका यशामागे जगभरात मिळून सरासरी सुमारे ५ वर २३ शून्यं इतके प्रयत्न होत होते. त्या यशाचा ताळा मात्र साधा मोबाइलही पापणी लवायच्या आत पाहतो.

आता पैशाकडे वळू. जगभरात यंत्रं कितीही वाढोत, सरासरी दहा मिनिटांनी एकच गठ्ठा मान्य व्हावा अशी बिटकॉइनची रचना आहे. दर २०१६ गठ्ठ्यांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, गणिताचं काठिण्य आपोआप कमीजास्त होतं. एप्रिल २०२४ पासून एका गठ्ठ्याचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. दिवसाला १४४ गठ्ठे धरले तर साऱ्या जगाला मिळून दिवसाकाठी ४५० नवी बिटकॉइन मिळतात, वर व्यवहारांचं थोडं शुल्क. कालव्याच्या आवर्तनाचं पाणी ठरलेलं असतं. काठावर आणखी मोटारी बसवल्याने ते वाढत नाही, प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. इथेही तसंच होतं. जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१८ या तीन वर्षांत काठिण्य चाळीस पटींहून अधिक वाढलं आणि मधे जुलै २०१६ मध्ये बक्षीसही निम्मं झालं. शुल्क बाजूला ठेवलं तर, २०१५ च्या आरंभी चालू असलेल्या यंत्राची बिटकॉइनमधली रोजची कमाई तीन वर्षांनी ऐंशीव्या हिश्श्याच्याही खाली गेली.

नेमक्या याच काळात आपल्याकडे ‘गेनबिटकॉइन’ ही योजना जोरात होती. अमित भारद्वाज या तिच्या प्रवर्तकावरचा आरोप असा, की क्लाउड मायनिंगच्या नावाखाली अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याची हमी दिली गेली, तीही बिटकॉइनमध्येच. एक बिटकॉइन द्या, दीड वर्षात १.८ परत घ्या. जे यंत्र महिन्यागणिक कमी बिटकॉइन देतं, त्याच्या जिवावर दरमहा तेवढीच बिटकॉइन देण्याचं वचन! हे खोटं ठरवायला पोलिसांची, लेखापरीक्षकाची किंवा कोणाच्या हेतूंवर शंका घेण्याची गरजच नव्हती. काठिण्याचे आकडे जगासमोर उघडे होते आणि बाकीचं गणित आठवीतल्या मुलाला जमेल असं होतं. सीबीआयच्या म्हणण्यानुसार २०१७ मध्ये नवे पैसे आटू लागले, तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हाती ठेवलं गेलं.

हमी न देणारे तरी धुतल्या तांदळासारखे असतात का? अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधली गॉ मायनर्स ही कंपनी सुरुवातीला मायनिंगच्या यंत्रांची फेरविक्री करायची. पुढे गिऱ्हाइकांची यंत्रं ती स्वतःकडेच ठेवून चालवू लागली आणि २०१४ मध्ये यंत्राऐवजी नुसत्या क्षमतेचे ‘हॅशलेट’ विकू लागली. दहा हजारांहून अधिक लोकांनी सुमारे दोन कोटी डॉलरचे हॅशलेट घेतले. कंपनीकडे तेवढी क्षमताच नव्हती. कंपनीचे प्रमुख जोश गार्झा यांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्यांना २१ महिन्यांची कैद झाली. एस्टोनियाच्या हॅशफ्लेअरचा पसारा तर याच्या कितीतरी पट मोठा. २०१५ ते २०१९ या काळात तिने सुमारे ५७ कोटी ७० लाख डॉलरचे करार विकले, आणि तिची बिटकॉइन मायनिंगची खरी ताकद दाव्याच्या एक टक्काही नव्हती. पैसे काढू पाहणाऱ्यांना टाळाटाळ व्हायची, नाहीतर बाजारातून विकत घेतलेलं चलन हाती पडायचं. डॅशबोर्डवरचा आकडा मात्र रोज वाढताना दिसे. तिच्या दोन्ही संस्थापकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की या फसवणुकीचा ताळा पाहण्याची सोय याच शास्त्रात आधीपासून आहे. मायनिंग करणारे बहुतेक जण ‘पूल’मध्ये एकत्र येतात. कोणी किती राबलं हे पूलला कसं कळतं? प्रत्येक यंत्राने खऱ्या यशाखेरीज त्याहून पुष्कळ सोप्या मर्यादेत बसणारी उत्तरंही पाठवत राहायचं. या उत्तरांना शेअर म्हणतात. ती खोटी तयार करता येत नाहीत. ती मिळवायला तेवढे प्रयत्न करावेच लागतात. त्यामुळे नुसते शेअर मोजून यंत्राची ताकद कळते. दहा हजार शेअर मोजले तर अंदाजातली चूक साधारण एक टक्का. म्हणजे क्षमता विकत घेणाऱ्याने एवढंच म्हणायचं, की माझ्या वाट्याची ताकद मी निवडलेल्या पूलकडे वळवा. शेअर तिथे मोजले जातील, विकणाऱ्याच्या डॅशबोर्डवर नाही. स्लोव्हेनियात २०१४ मध्ये सुरू झालेल्या नाइसहॅशसारख्या बाजारात अशीच विक्री होते. (पण एवढ्याने सगळी जोखीम मिटत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये नाइसहॅशमधून सुमारे ४,७०० बिटकॉइन चोरीला गेली.) ज्या तंत्राचा जीवच ‘विश्वास ठेवू नका, ताळा पाहा’ या मागणीत आहे, ते ताळ्याची वाट बंद करून विकायचं, ही ड्वर्क आणि नाओर यांच्या सुंदर कल्पनेची विटंबना आहे.

फेरविक्रेता आला की ती वाट आणखी बुजते. गिऱ्हाईक एजंटला ओळखतं, एजंट वरच्या एजंटला, आणि यंत्र साखळीतल्या कोणीच पाहिलेलं नसतं. विकलं जातं ते मामाचं भाच्यावरचं प्रेम, शिक्षकाचा गावातला शब्द. त्यात एजंटचं कमिशन पहिल्याच दिवशी हातात पडतं आणि गिऱ्हाइकाची जोखीम पुढची दोन वर्षं चालू राहते. एजंटने स्वतःचेही पैसे गुंतवलेले असतात, त्याचा विश्वास मनापासूनचा असतो, हे मला मान्य आहे. पण न पाहिलेल्या वस्तूची ग्वाही तो देतो, आणि ती ग्वाही देण्याचा अधिकार त्याला मनापासूनच्या विश्वासामुळे मिळत नाही.

प्रामाणिक फेरविक्री अशक्य आहे असं नाही. यंत्रमालकाला आज रोकड हवी असते, भाव आणि काठिण्य यांची टांगती तलवार नको असते. ती जोखीम तो गिऱ्हाइकाला विकतो. मग विकणाऱ्याने तेच सांगितलं पाहिजे, की मी तुम्हाला उत्पन्न विकत नसून जोखीम विकतो आहे. देखभालीचा आकार कमाईपेक्षा वाढला तर करार बंद पडतो का, हे लिहून दिलं पाहिजे; हॅशफ्लेअरने २०१८ मध्ये परवडत नाही म्हणून बिटकॉइनचे करार गुंडाळलेच होते. भारतात २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वळता होत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रणेचा खर्च खरेदीच्या किमतीत धरला जाणार नाही असं सरकारने संसदेत सांगितलं आहे. हे सगळं सांगून आणि पूल निवडण्याची मोकळीक देऊन भाच्याला गिऱ्हाईक मिळालं, तर त्याने खुशाल विकावं. कंपनी ती मोकळीक देत नसेल, तर एजन्सी घेऊ नये.

खाली माणसं जोडण्यावर कमिशन असेल, तर प्रश्न नीतीपाशी थांबत नाही. १९७८ च्या कायद्याने पैसे फिरवणाऱ्या साखळी योजना चालवण्यावरच नव्हे, तर त्यांचे सभासद होण्यावरही बंदी आहे. २०१९ च्या कायद्यानुसार खोटी माहिती देऊन दुसऱ्याला अनियंत्रित ठेव योजनेत पैसे घालायला लावणं हाही वेगळा गुन्हा आहे. गेनबिटकॉइन अशाच एजंटांच्या जाळ्यातून पसरली, असं तपास यंत्रणा सांगतात. पुण्यात २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले, भारद्वाज यांचं जानेवारी २०२२ मध्ये निधन झालं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. लोकांकडून गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ मध्येच ६,६०० कोटी रुपये होती, असं ईडीचं म्हणणं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत पुणे, नांदेड आणि कोल्हापूरही होतं. त्या झडत्यांत सुमारे २४ कोटी रुपयांचं क्रिप्टो चलन हाती लागलं.