बाळाला तपासणारी ‘नर्स’ कोण?

आपल्या गावातील कितीतरी घरांतील मुले-मुली आता अमेरिकेत संसार थाटून आहेत. नातवंडांच्या दुखण्याखुपण्याच्या बातम्या फोनवरून इकडे येतात आणि मग आजी-आजोबा आमच्यासारख्या डॉक्टरांकडे खुलासा विचारायला येतात. त्यातली एक तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. “एवढे नावाजलेले मुलांचे हॉस्पिटल, एवढा खर्च, आणि बाळाला तपासले कोणी, तर नर्सने! औषधही तिनेच लिहून दिले. मोठे डॉक्टर फिरकलेच नाहीत.” बाळाची हेळसांड झाली, असेच त्यांना वाटते.

बहुतेक वेळा हेळसांड झालेली नसते. ज्या बाईने बाळाला तपासले, ती आपल्याकडे वॉर्डात दिसणारी सिस्टर नव्हे. तिला तिकडे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. नर्सिंगची पदवी, त्यावर पदव्युत्तर शिक्षण, मुलांच्या आजारांची स्वतंत्र परीक्षा आणि मग राज्याचा परवाना, एवढ्या पायऱ्या चढून ती तिथे आलेली असते. ती मुलाला तपासते, रक्ताच्या चाचण्या व एक्स-रे सांगते, निदान करते आणि औषध लिहून देते. निम्म्याहून अधिक राज्यांत तिला हे काम डॉक्टरांच्या देखरेखीची अट न ठेवता करता येते. उरलेल्या राज्यांत डॉक्टरांशी तसा करार लागतो.

या पेशाची सुरुवातच मुळी मुलांपासून झाली. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला अभ्यासक्रम सुरू केला. फोर्डबाईंनी खेड्यापाड्यांत सार्वजनिक आरोग्याची नोकरी केली होती. डॉक्टर लांब आणि मुले पुष्कळ, ही आपल्या ओळखीची अडचण त्यांनी तिथे पाहिली होती. डॉ. सिल्व्हर म्हणजे तेच, ज्यांचे नाव जन्मतःच लहानखुऱ्या आणि उंची खुंटलेल्या मुलांच्या ‘सिल्व्हर-रसेल’ या विकारामुळे आम्हा डॉक्टरांना ठाऊक असते. अनुभवी परिचारिकांना आधी चार महिने विद्यापीठाच्या रुग्णालयात मुलांची तपासणी, वाढ, लसीकरण व नेहमीचे आजार शिकवायचे आणि नंतर त्यांना प्रत्यक्ष वस्त्यांत कामाला पाठवायचे, अशी योजना होती. विरोध झालाच. डॉक्टरांचा झाला हे समजण्यासारखे आहे, पण नर्सिंगच्या प्राध्यापिकांनीही नाके मुरडली. “ही नर्सिंग सोडून डॉक्टरकी करायला निघाली,” असा त्यांचा सूर होता. फोर्डबाई १०४ वर्षे जगल्या, जानेवारी २०२५ मध्ये वारल्या. तोवर त्यांच्या देशात असे परवानाधारक साडेतीन लाखांच्या वर गेले होते.

ही मंडळी खेड्यातून मोठ्या रुग्णालयांत कशी शिरली, हेही पाहण्यासारखे आहे. रुग्णालयांनी त्यांना केवळ कौतुकापोटी नेमले असे मुळीच नाही. २००३ मध्ये अमेरिकेत शिकाऊ निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि रात्रपाळीला माणसे कमी पडू लागली. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात नर्स प्रॅक्टिशनर त्याआधीपासूनच होत्या. तिथे त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालतात, नाळेतून सलाईनची नळी बसवतात आणि व्हेंटिलेटरचे आकडे ठरवतात. आता कर्करोग, हृदयरोग, मधुमेह अशा इतर विभागांतही त्या आल्या.

आल्यावर मात्र एक फायदा लक्षात आला, जो कोणी फारसा हिशेबात धरला नव्हता. निवासी डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी वॉर्ड बदलतो. तज्ज्ञ डॉक्टर शस्त्रक्रियेत, बाह्यरुग्ण विभागात, परिषदांत वाटला गेलेला असतो. नर्स प्रॅक्टिशनर वर्षानुवर्षे त्याच विभागात राहते. या मुलाला मागच्या वेळी कोणत्या औषधाची पुरळ आली, त्याची आई कशाने घाबरते, वडील किती शिकलेले आहेत, हे तिला तोंडपाठ असते. दीर्घ आजाराच्या मुलाला अशा माणसाची किती गरज असते, हे मिल्वॉकी शहरातील एका कामावरून समजते.

काही बाळे हृदयाची डावी बाजू न वाढताच जन्माला येतात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पहिली शस्त्रक्रिया होते आणि चार-सहा महिन्यांनी दुसरी. मधला काळ अवघड. बाळ घरी असते, दूध पिते, हसते. रक्तातील प्राणवायू ७५ ते ८५ टक्के एवढाच असतो, पण त्याच्यापुरता तो चालतो. मग साधी सर्दी होते, जुलाब होतात, दूध कमी जाते आणि हे बाळ तासाभरात कोसळते. मिल्वॉकीच्या मुलांच्या रुग्णालयातील जुन्या नोंदींप्रमाणे पहिल्या शस्त्रक्रियेतून सुखरूप घरी गेलेल्या ५७ बाळांपैकी ९ या मधल्या काळात दगावली होती. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ती हाताची गेली.

म्हणून २००० सालापासून तेथील डॉक्टरांनी बाळाबरोबर घरी दोन वस्तू द्यायला सुरुवात केली: बाळाचा वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर. हे बोटाला लावायचे यंत्र २०२० च्या कोरोनानंतर आपल्याकडेही घरोघर माहीत झाले आहे. आईवडिलांनी रोज वजन व प्राणवायू वहीत लिहायचा. प्राणवायू ७० टक्क्यांखाली गेला, एका दिवसात वजन ३० ग्रॅमहून अधिक घटले किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर ताबडतोब कळवायचे. (हे आकडे त्या विशिष्ट आजाराच्या बाळांचे आहेत. घरच्या निरोगी बाळाला रोज तोलून कोणी घाबरून जाऊ नये.) अशा पहिल्या २४ बाळांपैकी १३ बाळांचे आकडे कधी ना कधी बिघडले, पण वेळीच बोलावल्यामुळे त्यांतले एकही दगावले नाही. २००३ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतील अनेक केंद्रांनी एकत्र येऊन ही पद्धत उचलली, आणि त्या मधल्या काळातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे साडेनऊ टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत उतरले.

वजनकाटा जीव वाचवत नाही. वहीतला आकडा वाचून “आत्ताच्या आत्ता निघा” असे सांगणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला लागतो. बऱ्याच केंद्रांत ते काम नर्स प्रॅक्टिशनर करते. आठवड्याला ती स्वतः फोन करते, दुधाचे प्रमाण विचारते, औषधाचा डोस वाढत्या वजनाप्रमाणे बदलते, आणि शंका आली की हृदयरोगतज्ज्ञाला गाठते. डॉक्टर तिच्या मागे उभा असतो, म्हणूनच ती पुढे होऊ शकते. डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीवर स्वस्तात कोणाला तरी बसवायचे, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला माझा साफ विरोध राहील.

आता आपल्याकडे पाहू. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते. त्यातून हृदयाला छिद्र असलेली मुले सापडतात, मोठ्या शहरात त्यांची शस्त्रक्रिया होते. हे मोठेच काम आहे. पण मूल गावी परतते ते जाडजूड इंग्रजी फाइल घेऊन. रात्री दहा वाजता त्याला धाप लागली तर आईबाप कोणाला विचारणार? ते आमच्याकडे येतात. आम्ही फाइल चाळतो, वरच्या रुग्णालयाचा नंबर फिरवतो. फोन उचलणाऱ्याला ते मूल आठवत नसते, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. तिथे त्या मुलाला ओळखणारी एक जाणती सिस्टर असती आणि तिला उत्तर देण्याचा अधिकार असता, तर पाच मिनिटांत निर्णय झाला असता.

भारतीय परिचर्या परिषदेने २०१७ मध्ये अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखून दिला. २०१८ मध्ये प्रसूतीसाठी अशा परिचारिका तयार करण्याची सरकारी मार्गदर्शक तत्त्वेही आली. पण अभ्यासक्रम झाला म्हणजे पद आणि अधिकार मिळतोच असे नाही. मुलांच्या वॉर्डात वीस वर्षे काढलेल्या सिस्टरला बाळाचा रंग पाहून धोका कळतो, तरी तिची नोंद ‘डॉक्टरांना कळविले’ एवढ्यावरच थांबते. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात रात्रभर कोण जागते, हे ज्यांनी तिथे आपले बाळ ठेवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

डॉक्टर नसलेल्या माणसाला नेमून दिलेले काम नीट शिकवले तर तो ते चोख करतो, याचा पुरावा शोधायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी, वजन, ऊब आणि जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

पद निर्माण होईल तेव्हा होवो, तोवर पालकांच्या हाती काय आहे? मूल मोठ्या रुग्णालयातून घरी आणताना निघण्याची घाई करू नये. वॉर्डातील प्रमुख सिस्टरजवळ दहा मिनिटे बसावे. औषध कोणते, किती मिलिलिटर, उलटी झाली तर पुन्हा द्यायचे की नाही, हे तिच्याकडून समजून घ्यावे आणि तिच्यासमोर एकदा स्वतः मोजून दाखवावे. मधुमेही मुलाच्या बाबतीत इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नाही. मूल जेवत नसेल, उलट्या होत असतील, तर डोस विचारायचा, सुई परस्पर बंद करायची नाही. रात्री कोणत्या नंबरवर बोलायचे, ते कागदावर मराठीत लिहून घ्यावे आणि तो कागद आपल्या गावच्या डॉक्टरला दाखवून ठेवावा. मूल बरे असताना दाखवावा, आजारी पडल्यावर नव्हे.

कर्करोगाची औषधे चालू असलेल्या मुलाच्या आईवडिलांना तर एक गोष्ट निक्षून सांगतो. या औषधांनी पांढऱ्या पेशी कमी होतात आणि ताप हेच कधीकधी रक्तात जंतू पसरल्याचे एकमेव लक्षण असते. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. रुग्णालयाला फोन करून रात्रीच निघायचे, आणि निघताना फाइल बरोबर घ्यायची.