घोड्याला खोकला का येतो?

दोस्तांनो, माथेरानला गेला असाल तर घोड्यावरून रपेट नक्की मारली असेल. गावात मोटारगाड्यांना बंदी, म्हणून तिथं घोड्याचा मोठा मान! पण रपेट संपल्यावर घोड्याच्या कुशीकडे तुम्ही कधी नीट पाहिलंत का? बरगड्या संपतात आणि मागची मांडी सुरू होते, तेवढ्या जागेला कूस म्हणतात. चढण चढून आलेल्या घोड्याची कूस लोहाराच्या भात्यासारखी आत-बाहेर होत असते. थोडा विसावा मिळाला की ती शांत होते. मात्र काही घोड्यांची कूस पागेत नुसतं उभं असतानाही हलत राहते. त्या घोड्यांना न धावताच धाप लागलेली असते. हे असं का होतं, ते आज बघू.

आधी एक गंमत ऐका. सर्दीनं नाक चोंदलं की आपण खुशाल तोंड उघडून श्वास घेतो. घोड्याला ते जमत नाही! त्याच्या घशातला मऊ पडदा तोंडाची वाट बंद करून ठेवतो, त्यामुळे सगळा कारभार नाकपुड्यांतूनच चालतो. उभा असलेला निरोगी घोडा मिनिटाला साधारण 8 ते 16 वेळा श्वास घेतो आणि त्यात जवळजवळ 60 लिटर हवा आत-बाहेर होते. आपल्या आंघोळीच्या 15 लिटरच्या बादल्या धरल्या, तर चार बादल्या. तोच घोडा भरधाव सुटला की मिनिटाला शंभर बादल्यांहून जास्त हवा लागते. त्या वेळी प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास, असा त्याचा ताल बांधलेला असतो. झेप आणि श्वास वेगळे करता येत नाहीत.

आता विचार करा, इतकी हवा जो ओढतो, त्याच्या हवेत काय काय मिसळलेलं असेल?

मोकळ्या माळावर घोडा दिवसाचा बहुतेक वेळ मान खाली घालून चरतो. वारा वाहत असतो, नाकातला शेंबूड आपोआप खाली ओघळतो. आपण त्याला चार भिंतींत आणून बांधतो, पुढ्यात वाळलेलं गवत टाकतो आणि पायाखाली पेंढा पसरतो. इथंच घोटाळा होतो. चरणाऱ्या घोड्यांपेक्षा ठाणावर बांधलेल्या घोड्यांना कितीतरी जास्त आजार होतात, हे ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनं दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा गवत असतो. म्हणजे गवत नव्हे, त्यातली बुरशी. पावसाळ्यानंतर गवत कापतात. ते पुरतं वाळायच्या आत गंजी रचली, किंवा गंजीवर पाणी गळलं, की आतून ते तापतं आणि बुरशी धरतं. वरून पिवळंधमक दिसेल, पण पेंढी सोडून नाकाजवळ न्या, कुबट वास येईल. कवडशात ती पेंढी झटकून बघा. (तोंडावर रुमाल बांधून हं!) धुराचा लोट उठल्यासारखं दिसेल. ती नुसती धूळ नसते, बुरशीची बीजं असतात, आणि ती अतिशय बारीक असतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो आणि यातली पुष्कळशी बीजं 5 मायक्रॉनहूनही लहान. मोठे कण नाक अडवतं, हे मात्र थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

तिथं पोचल्यावर काही घोड्यांची फुफ्फुसं त्यांच्यावर चिडतात. श्वासनळ्यांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट अरुंद होते. मग घोडा पोटाचा जोर लावून श्वास बाहेर ढकलू लागतो. महिनोन् महिने असं चाललं की पोटाचा तो स्नायू जाड होतो आणि बरगड्यांच्या कडेनं एक तिरकी रेघ उमटते. जाणता मोतद्दार ती रेघ पाहूनच ओळखतो की या घोड्याचं दुखणं जुनं आहे.

हे वर्णन ओळखीचं वाटतं ना? तुमच्या वर्गात कुणाला दमा असेल, तर त्याच्या छातीतही असंच काहीसं होतं. जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याला स्वतःलाच दमा होता. त्यानं 1698 साली दम्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा धाप लागणाऱ्या एका घोडीची फुफ्फुसं उघडून तपासली होती. पुढं पशुवैद्यांनी या दुखण्याला बरीच वेगवेगळी नावं दिली. 2016 मध्ये मात्र तज्ज्ञांनी ठरवलं, की सरळ ‘घोड्याचा दमा’च म्हणायचं.

दुखण्याची सुरुवात अगदी साधी असते. चारा खाताना एखादा खोकला, दौडीच्या सुरुवातीला दोन. “काही नाही, धूळ गेली असेल,” असं म्हणून लोक सोडून देतात. अहो, धूळ गेली हाच तर आजार! आणि प्रत्येक आजारी घोडा खोकतोच असंही नाही. कुणी नुसता लवकर दमतो, कुणाच्या नाकातून काम झाल्यावर पांढरट शेंबूड येतो.

मग करायचं काय? पहिला इलाज गवताचा. बुरशी दिसत असेल तर ते सरळ फेकून द्यायचं, धुऊन वापरायचं नाही. चांगलं गवतसुद्धा अर्धा तास पाण्यात बुडवायचं, निथळायचं आणि ओलं असतानाच घालायचं. धूळ पाण्यात बसते, नाकात जात नाही. रात्रभर मात्र भिजवू नये. त्यातलं सत्त्व पाण्यात उतरतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आंबतं. उरलेलं गवत आणि ते तपकिरी पाणी, दोन्ही टाकून द्यायचं. चारा टांगलेल्या जाळीत देण्याऐवजी जमिनीवर ठेवला की मान खाली राहते आणि कफ निथळतो. शर्यतीचे घोडे गाडीतून लांबच्या गावी नेतात, तेव्हा मान वर बांधून तासन् तास ठेवली तर कफ आतच साचतो आणि फुफ्फुसात जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून वाटेत थांबून मान खाली सोडू द्यावी लागते.

दुसरा इलाज हवेचा. थंडी पडली की पागेची दारं-खिडक्या घट्ट लावायची सवय असते. घोड्याला थंडीचं एवढं काही वाटत नाही, फार तर अंगावर झूल टाकावी, पण हवा खेळती हवी. पागा झाडताना घोडा बाहेर काढावा आणि आधी पाणी शिंपडावं. गवताची गंजी घोड्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर ठेवू नये. मूत मुरलेल्या पेंढ्यातून अमोनिया निघतो. तो उभ्यानं कळत नाही, म्हणून खाली उकिडवं बसून वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर अंथरूण बदलायची वेळ झाली. आणि शेजारच्या घोड्याचं ठाण घाण असेल, तर आपलं एकट्याचं स्वच्छ ठेवून भागत नाही.

औषधं आहेत. सूज उतरवणारी आहेत, श्वासनळ्या मोकळ्या करणारी आहेत. एवढंच काय, नाकपुडीवर बसणाऱ्या मुखवट्यातून द्यायचे घोड्यांचे इनहेलरही आहेत! ती पशुवैद्याच्या सल्ल्यानंच द्यायची. पण हवा तीच धुळीची राहिली, तर औषध थांबताच धाप परत येते. जुना दमा पुरता जात नाही, फक्त ताब्यात ठेवता येतो. घोड्याच्या रपेटीवर ज्यांचं घर चालतं, त्यांचा आजारी घोडा बसून राहिला की कमाईही बसते. स्वस्तातलं कुबट गवत मला म्हणूनच सगळ्यात महाग वाटतं.

एक लक्षात ठेवा. दम्यात सहसा ताप नसतो. खोकल्याबरोबर ताप असेल, घोडा खात नसेल, तर ते साथीचं दुखणं असू शकतं. 2008 मध्ये घोड्यांच्या फ्लूनं भारतात बऱ्याच ठिकाणी घोडे आजारी पाडले होते. असा घोडा लगेच वेगळा बांधून डॉक्टरांना बोलवायचं. त्याच्या नाकातल्या स्रावाला हात लावू नका, कारण ग्लँडर्ससारखा एखादा रोग माणसालाही होतो. आणि तुम्हाला स्वतःला दमा असेल, तर पागेत छाती भरून येताच बाहेर मोकळ्यावर या.

आता श्वास मोजायला शिका. घोडेवाल्या काकांना विचारून, घोड्याच्या बाजूला उभे राहा, मागे कधीच नाही! घोडा विसावलेला आणि सावलीत हवा. हातात घड्याळ घ्या, नजर कुशीवर ठेवा. कूस फुगून खाली बसली की एक. मिनिटभर मोजा. आकडा 16 च्या आत असेल तर छान. पुन्हा पुन्हा 20 च्या वर जात असेल, तर काकांना सांगा. फक्त मोजताना खिशातलं गाजर बाहेर काढू नका. वास आला की घोडा हुंगायला लागतो, आणि मग तुमचा सगळा हिशेब चुकतो.