रक्तातल्या लोहाचे कोंदण

मराठी दागिन्यांची नावे घेतली की डोळ्यांपुढे निसर्ग उभा राहतो. बोरमाळेत बोरे आहेत, पोहेहारात पोहे आहेत, चंपाकळीत चाफा आहे आणि बकुळहारात बकुळीची फुले. सोनाराने भोवताली जे पाहिले, ते सोन्यात घडविले. आता विज्ञानाने दाखविलेले आकारही दागिन्यांत येऊ लागले आहेत. कॉफीतील कॅफिन, मेंदूतील सेरोटोनिन किंवा डीएनए या रेणूंचे आकार असलेली चांदीची लोलके आणि कर्णभूषणे आज इंटरनेटवर सहज मिळतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. लंडनमध्ये १९५१ साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हे मोठे प्रदर्शन भरले होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांचा अभ्यास करताना जे नकाशे मिळतात, त्यांची नक्षी पडद्यांवर आणि भांड्यांवर का उतरवू नये, असा विचार केंब्रिजच्या शास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांनी मांडला. त्यातून अठ्ठावीस उत्पादकांनी कापड, भिंतींचे कागद आणि चिनी मातीच्या वस्तू तयार केल्या. त्यांच्या नक्षीत इन्सुलिन आणि हिमोग्लोबिनही होते.

दागिना वाचावा कसा?

रेणूच्या लोलकात बहुधा षट्कोन आणि पंचकोन एकमेकांना जोडलेले दिसतात. ही रसायनशास्त्राची संक्षिप्त लिपी आहे. ज्या कोपऱ्यावर काही लिहिलेले नसेल, तेथे कार्बनचा अणू आहे असे समजायचे. कार्बनला चिकटलेले हायड्रोजन दाखवायचे नाहीत. डीएनएचा दागिना मात्र वेगळा असतो. दोन पदर एकमेकांभोवती वळलेला तो जणू गोफच. पण त्याच्या पिळाला दिशा असते. पेशीतील डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो. दागिना उभा धरला असता समोरचा पदर डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसला पाहिजे. अनेक दागिन्यांत, आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही, तो उलटा वळविलेला आढळतो. घेण्यापूर्वी एवढे पाहावे.

प्रथिनांची गोष्ट माळेची आहे. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ठरावीक क्रमाने ओवले की प्रथिन तयार होते. इन्सुलिन ही ५१ मण्यांची दुपदरी माळ. हिमोग्लोबिनमध्ये चार माळा असतात. दोन १४१ मण्यांच्या आणि दोन १४६ मण्यांच्या. या १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी कुटुंबांना ठाऊक असलेला सिकलसेल हा आजार तो हाच. एका मण्याची चूक, पण आईवडील दोघांकडूनही ती आली तर तिचे दुखणे जन्मभराचे.

प्रत्येक माळेच्या कुशीत ‘हीम’ नावाचे एक चपटे कडे असते. चार लहान पंचकोनी कड्यांनी बनलेल्या या कोंदणात मध्यभागी बसविलेला खडा म्हणजे लोहाचा एक अणू. चार नायट्रोजन त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात आणि श्वासातला प्राणवायू या लोहालाच चिकटून शरीरभर जातो. असेच लोहाचे कोंदण ‘सायटोक्रोम सी’ या प्रथिनातही आहे. वनस्पतींच्या पेशींत ते असते, हे दाखविणाऱ्या संशोधिका मराठी होत्या. त्या म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी डॉ. कमला सोहोनी. केंब्रिजने त्यांना १९३९ मध्ये डॉक्टरेट दिली. मराठी घरात रेणूचा दागिना घडवायचा असेल, तर याहून समर्पक आकार कोणता?

परभणीचा दागिना

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह असते सुमारे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. त्यातील सुमारे दोनतृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. हा ऐवज किती घरांत अपुरा आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या प्रश्नाला शेतातून हात घातला. इक्रिसॅट या संस्थेसमवेत विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या वाणांत हेच प्रमाण साधारण ३० आणि २० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. अर्थात ताटात आलेले सगळेच लोह रक्तात पोहोचत नाही. धान्यातील फायटेट त्याला अडविते आणि जेवणानंतर लगेच घेतलेला चहाही अडविते. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्याला मदत करते. भाकरीबरोबर लिंबाची फोड ठेवण्यात म्हणूनच शहाणपण आहे. रक्तक्षय झालेला असेल तर मात्र आहारावर विसंबून न राहता तपासणी आणि औषधे घ्यायलाच हवीत.

रेणूंचे दागिने ही हौस आहे, आणि हौसेला मोल असते. सेरोटोनिनचे लोलक गळ्यात घातल्याने मन प्रसन्न होत नाही, पण ते पाहून ‘हे काय?’ असे कुणी विचारले, तर चार वाक्ये विज्ञानाची बोलली जातात. लेकीसाठी सोने जमविणे आपल्याकडे नवे नाही. त्याबरोबर तिच्या हिमोग्लोबिनचा आकडाही वर्षातून एकदा विचारला जावा. हीमचे लोलक कुणी घडविले, तर ते तेवढी आठवण तरी देईल.